जगाच्या विजेचं कोडं तुमच्या आउटडोअर युनिटमध्ये आहे

ऊर्जेच्या भवितव्याचा विषय निघाला की गाडी थेट अणुभट्टी आणि हायड्रोजनवर जाते. मला विचाराल तर आधी एसीकडे बघा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2018 च्या अहवालानुसार जगात तेव्हा 160 कोटी एसी होते; 2050 पर्यंत 560 कोटी होतील असा अंदाज. इमारतींमध्ये लागणाऱ्या विजेचा जवळपास पाचवा हिस्सा एसी आणि पंखेच खातात.

खरी पंचाईत वेळेची आहे. सौर वीज दुपारी मुबलक, बेडरूमचे एसी मात्र रात्री सुरू होतात. मग भार बराचसा कोळशावरच येतो. घाटघरसारखं (250 मेगावॅट), वीज जास्त असताना पाणी वर चढवून ठेवणारं आणि नंतर ते सोडून वीज बनवणारं केंद्र उपयोगी खरं, पण अशा साठवणीत चार युनिट घातले की तीनच्या आसपास परत मिळतात.

म्हणून एसी खरेदी करताना नुसते स्टार मोजू नका, लेबलवरचा आयएसईईआर आकडा (हंगामभरात एका युनिट विजेमागे यंत्र किती उष्णता ओढतं, ते) वाचा. जुलै 2022 मध्ये निकष कडक झाले आणि आधीचा पाच स्टार एका रात्रीत चार स्टार झाला! 3.8 ऐवजी 5 आकड्याचं यंत्र तेवढ्याच गारव्याला साधारण चौथाई वीज कमी घेतं. (एसीच्या मापातला टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता ओढायची क्षमता. सुमारे साडेतीन किलोवॅट.)

आता सगळ्यात चीड आणणारा प्रकार: दरवर्षीचं 'गॅस टॉप-अप'. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे, बहुतेकदा तांब्याच्या नळीच्या फ्लेअर जोडावर (नळीचं तोंड पसरवून नटने आवळलेला जोड). आर-32 (एसीत भरला जाणारा एक गॅस) चा एक किलो हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो 675 किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. आधी नायट्रोजन भरून दाब तपासायला सांगा, गळणारा जोड नव्याने करून घ्या, मग व्हॅक्यूम पंप, आणि शेवटी युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून. व्हॅक्यूम टाळला तर आत हवा आणि ओल राहते, दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि बिल फुगतं. 'अंदाजाने भरतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. आउटडोअर युनिट जाळीच्या कपाटात कोंडू नका, त्याने फेकलेली गरम हवा तेच परत ओढतं. आणि 18 वर लावून पांघरूण घेण्यापेक्षा 26 वर ठेवून 30 वॅटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावा.