बोल्ट आम्ही बनवतो, धूर नाही

कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात परत तेच पेटलं. एक म्हणाला युरोपचा कार्बन टॅक्स म्हणजे हिरवा रंग फासलेली जकात, दुसरा म्हणाला मग आपल्या कारखान्यांनी कधी सुधारायचंच नाही का, आणि शेवटी नेहमीसारखं माझ्याकडे बोट, "हा तिकडे बसलाय, याला विचारा." मी जर्मनीत एका फर्ममध्ये खरेदी बघतो, नट-बोल्ट, स्क्रू, असला माल. विचारलंच आहे तर सांगतो.

हा टॅक्स, म्हणजे सीबॅम, युरोपात बाहेरून येणाऱ्या मालावर, तो बनवताना निघालेल्या कार्बनच्या हिशोबाने लागतो. १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला. आधी नुसते रिपोर्ट, पैशांचा हिशोब २०२६ च्या मालापासून. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज, हायड्रोजन एवढंच त्यात आहे, आणि बोल्ट पोलादात येतो. पहिल्यांदा मी भारतातल्या आमच्या सप्लायरकडे एक्सेल पाठवलं की टनामागे किती कार्बन ते भरून द्या, तर त्यांनी विजेचं बिल स्कॅन करून पाठवलं. फोन केला तर म्हणाले, "साहेब, बोल्ट आम्ही बनवतो, धूर नाही." आणि खरंच आहे ते, कारण बोल्टमधला बहुतेक कार्बन तार ओढायच्या आधीच, पोलाद वितळवतानाच झालेला असतो, म्हणजे आकडा आहे पोलादाच्या मिलकडे, आणि मिल या छोट्या गिऱ्हाईकाचा फोन कशाला उचलेल?

आता यात बरोबर कोण? युरोप म्हणतो आमच्या मिला २००५ पासून कार्बन सोडायचे परवाने विकत घेतायत, तोच भार बाहेरच्या मालावर टाकला तर वागणूक सारखीच झाली, गॅटमध्ये, म्हणजे व्यापाराच्या जागतिक करारात, आणखी काय लिहिलंय? (याच मिलांना फुकट वाटलेल्या परवान्यांबद्दल मात्र आवाज जरा खाली येतो.) भारत म्हणतो २०१५ च्या पॅरिस करारात जबाबदारी कुवतीप्रमाणे वेगवेगळी ठरली होती, ती तुम्ही मागच्या दाराने सारखी करताय. दोघंही आपापल्या कागदावरून वाचतायत आणि दोन्ही कागदांवर दोघांच्याही सह्या आहेत! व्यापाराचा करार एकीकडे झाला, हवामानाचा दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र येतात ते माझ्या एक्सेलमध्ये.

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. कोळंबीच्या जाळ्यात कासवंही अडकतात, म्हणून आत गजांची तिरकी जाळी बसवतात, कोळंबी गजांतून आत जाते, कासव गजांना अडून वरच्या फडक्यातून बाहेर पडतं. ती नाही लावली तर कोळंबी घेणार नाही म्हणाली अमेरिका, म्हणून भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, तक्रार घेऊन गेले. १९९८ चा निकाल लोक नीट वाचत नाहीत. कासव वाचवायचा हेतू चालेल असंच त्यात म्हटलंय, अमेरिका हरली ती कॅरिबियन भागातल्या देशांना जाळी बसवायला तीन वर्षं आणि या चौघांना चार महिने दिले म्हणून. मग अमेरिकेने पद्धत सुधारली, मलेशिया परत भांडला आणि २००१ मध्ये हरला, बंदी टिकली. आणि युरोप स्वतः? हार्मोन दिलेल्या बीफच्या आयातीवर बंदी घातल्याची केस त्याच १९९८ मध्ये हरला, तरी बंदी उठवली नाही, अमेरिकेने वर्षाला ११ कोटी ६८ लाख डॉलर्सच्या मालावर १०० टक्के ड्युटी लावली ती दहा वर्षं सोसली. म्हणजे नियम मोडता येतो, बिल भरायची तयारी पाहिजे.

म्हणून "डब्ल्यूटीओने आपले हात बांधले" हे ऐकलं की मला २००५ चं आपलं पेटंट कायद्याचं कलम ३(ड) आठवतं. ट्रिप्स, म्हणजे डब्ल्यूटीओचा पेटंटबद्दलचा करार, पाळायचाच होता, पण जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळणार नाही ही पाचर आपण मारून ठेवली, आणि १ एप्रिल २०१३ ला ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टात नोव्हार्टिस ही स्विस कंपनी तिथेच अडकली. इतकं बारकाईने वाचायची सवय नंतर कुठे गेली कोण जाणे.

कारण सीबॅममध्येही तशी फट आहे. माल बनला त्या देशात कार्बनची किंमत भरलेली असेल तर तेवढी वजा होते. आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना २०२३ मध्ये नोटिफाय झाली, ती नीट चालली, तिची किंमत खरोखर चावणारी ठेवली, तर तेवढा पैसा युरोपला न जाता घरात राहील. ग्रुपवर भांडायचंच असेल तर यावर भांडा ना, की तो पैसा कोणाचा आणि त्यातून छोट्या कारखान्याला मीटर, ऑडिटर कोण देणार. डब्ल्यूटीओत केस टाकून काय होतंय, अपील ऐकणारी बेंच डिसेंबर २०१९ पासून बंद पडली आहे, अमेरिका न्यायाधीश नेमूच देत नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या राज्यांच्या सोलर सबसिड्यांविरुद्धची केस आपण जिंकलो होतो, त्यांनी अपील टाकून ठेवलं, ते तसंच पडून राहिलं, शेवटी २०२३ मध्ये दोघांनी आपसात मिटवलं.

सप्लायरची मेल काल आली, मिलने अजून आकडा दिलेला नाही. सोमवारी मीच मिलला फोन करणार आहे, जर्मनीहून फोन आला तर निदान उचलतील.