प्लेगने एका रात्रीत ओस पडलेलं गाव? काहीही!

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. इंग्लंडमधे यॉर्कशरला व्हॅरम पर्सी (Wharram Percy) नावाचं गाव होतं, नावातच 'वॉर' आहे कारण तिथे मोठी लढाई झालेली, मग १३४९ च्या प्लेगमधे एका रात्रीत अख्खं गाव मेलं, मढी जाळली आणि तेव्हापासून तिकडे कोणी फिरकलं नाही. खाली पडक्या चर्चचा फोटो. फोटो खरा आहे हो, पण बाकीचं बघू जरा. (अख्खं गाव मेलं तर मढी जाळायला कोण उरलं, हे लिहिणाऱ्यालाही सुचलं नाही.)

आधी नाव. वॉरबिर काही नाही. जुन्या इंग्रजीत 'ह्वेर' म्हणजे हंडा किंवा कढई, त्याचं 'ह्वेरुम' म्हणजे साधारण 'हंड्यांपाशी', व्हॅरम हे त्यावरूनच आलं असं गावनावांचे अभ्यासक मानतात आणि चॉकच्या टेकड्यांमधली ती खोलगट दरी बघितली की पटतंही. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने केलेल्या जमीन-महसुलाच्या नोंदीत, व्हॅरम आहेच. 'पर्सी' मात्र नंतर चिकटलं, ते फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेल्या जमीनदार घराण्याचं नाव. चिकटवायची गरज का पडली तर शेजारीच दुसरं व्हॅरम आहे, जुन्या रस्त्यावरचं, म्हणून ते व्हॅरम ली स्ट्रीट. आपल्याकडे वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द असतं ना, तसला प्रकार.

आता प्लेग. प्लेग आला होता, १३४८ मधे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला आणि पुढच्या वर्षी यॉर्कशरला पोचला, व्हॅरममधेही माणसं दगावली असणारच, देशातली निदान एक तृतीयांश माणसं गेली तिथे हे गाव कसं सुटेल. पण गाव संपलं नाही. उलट प्लेगच्या पंचवीसेक वर्षं आधीच, १३२३ च्या नोंदीत इथली बरीच जमीन पडीक दिसते, म्हणजे गावाला उतरती कळा आधीच लागलेली. आणि प्लेगनंतरही दीडशे वर्षं इथे लोक राहत होते, नांगर चालत होते! १४०० नंतर लगेच पर्सींनी ही जमीन अदलाबदलीत हिल्टन घराण्याला दिली, आणि खरा घाव तिथून पुढे बसला. माणसं कमी झाल्याने मजुरी चढलेली, धान्याला भाव नाही, लोकरीला मात्र आहे, मग नांगरटीला दहा माणसं पोसण्यापेक्षा एक धनगर आणि कुरणभर मेंढ्या परवडतात, असा जमीनदाराचा साधा हिशोब. १५१७ मधे अशा गाव उठवण्याची सरकारी चौकशी झाली त्यात व्हॅरम पर्सीचे चार नांगर बंद केले आणि चार घरं पडू दिली अशी नोंद आहे, मालक हिल्टन. म्हणजे प्लेगचा हात लांबून होताच, मजुरी त्याच्यामुळेच चढली, ते मी नाकारत नाही. पण शेवटच्या कुळांना घराबाहेर काढलं ते मेंढ्यांसाठी, साधारण १५०० च्या सुमाराला.

जाळलेल्या मढ्यांची गोष्ट मात्र पूर्ण हवेतली नाही, फक्त भलत्याच ठिकाणी जोडलीय. तिथे खड्ड्यात १३७ हाडं सापडली, निदान दहा जणांची, त्यात पोरंसोरंही. काही हाडं मोडलेली, काही भाजलेली, काहींवर सुऱ्यांचे वार. २०१७ मधे त्यांचा अभ्यास छापून आला. हाडं ११ व्या ते १४ व्या शतकातली निघाली, म्हणजे एका साथीत मेलेली ही माणसं नव्हेतच. दातांवरून कळलं की बाहेरचे कोणी नाहीत, याच भागात वाढलेले. खायला मांस काढण्यासाठी कापलं असतं तर वार सांध्यांपाशी जास्त दिसले असते, इथे ते डोकं आणि मानेभोवती आहेत. म्हणून अभ्यासकांना सगळ्यात पटलेला अर्थ हा की मेलेला माणूस उठून त्रास देईल या भीतीने गावानेच मढ्यांचे तुकडे करून जाळले. आता हे प्लेगपेक्षा भारी आहे की नाही सांगा, पण फॉरवर्डवाल्याला तारखा बघायच्या नव्हत्या.

राहिलं 'कोणी फिरकलं नाही'. १८ व्या शतकात तिथे परत शेतावरची घरं बांधली गेली. १९५० ते १९९० सलग चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट माणसं घेऊन तिथे खणत होते, ओस पडलेल्या गावांचा अभ्यास कसा करायचा हे बऱ्याच जणांनी तिथूनच उचललं. आणि तो फोटो झूम करून बघा, चर्चच्या भिंतीत कमानी दिसतील, दगड भरून बुजवलेल्या. माणसं होती तेव्हा बाजूला जादा दालनं काढलेली, माणसं घटली तशी ती पाडली आणि कमानी बंद केल्या. गाव उठल्यावरही आसपासच्या वस्त्यांमधले लोक प्रार्थनेला इथेच येत, जवळच्या थिक्सनडेल गावाला १८७० मधे स्वतःचं चर्च झालं तोवर तिथलेही, आणि नेहमीच्या प्रार्थना थांबल्या १९४९ मधे. मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला तो १९५९ ला, प्लेगनंतर सहाशे दहा वर्षांनी.