कॉर्टिसॉल कमी म्हणजे मन खंबीर?

‘ज्यांच्या मेंदूत कॉर्टिसॉल कमी आणि सेरोटोनिन जास्त, ते कुठलाही आघात पचवतात, बाकीचे खचतात. हे जन्मतःच ठरतं, आणि असा मेंदू फार थोड्यांना लाभतो.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. (कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारं संप्रेरक, सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन.) त्यात चिमूटभर तथ्य आहे, पंचाईत तिथेच आहे.

आधी कॉर्टिसॉल. व्हिएतनाम युद्धानंतर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे उरणारा मानसिक ताणविकार, जडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या लघवीत १९८६ साली ते मोजलं, तर इतर काही मनोविकारांच्या रुग्णांपेक्षा कमी निघालं. पुढे संशोधक रेचेल येहुदा यांना ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्या पीटीएसडीग्रस्तांमध्येही ते कमी आढळलं. सगळ्या अभ्यासांत असं दिसत नाही, पण ‘कमी म्हणजे कणखर’ हे समीकरण इथेच कोसळतं. ताणाची प्रतिक्रिया आवरती घेणं हेही कॉर्टिसॉलचंच काम.

सेरोटोनिनबद्दलच्या समजुतीला सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकावरच्या २००३च्या गाजलेल्या अभ्यासाने बळ दिलं. पण तो होता ताणानंतर येणाऱ्या नैराश्यावर. २००९ साली १४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ते जनुक आणि ताण यांचा सांगितलेला संबंध टिकला नाही.

‘जन्मतःच’ हा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. २००२ साली एकसारख्या जुळ्या भावांचा अभ्यास झाला: एक युद्धावर गेलेला, दुसरा घरीच. सैनिकाला तीव्र पीटीएसडी असेल, तर मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग दोघांचाही लहान. म्हणजे काही कमकुवतपणा आधीपासून असू शकतो. पण घरी राहिलेल्या भावाला पीटीएसडी नव्हता!

गंमत म्हणजे दाव्याच्या बाजूने जे बोललं असतं, त्या न्यूरोपेप्टाइड वायचा, म्हणजे ताणाच्या प्रतिक्रियेशी निगडित एका रसायनाचा, मजकुरात उल्लेखच नाही. अमेरिकी लष्कराच्या खडतर प्रशिक्षणात, खोट्या चौकशीच्या वेळी, विशेष दलाच्या जवानांच्या रक्तात ते इतरांपेक्षा जास्त वाढलं आणि दिवसभरात मूळ पातळीवर आलं. इतरांचं त्याहूनही खाली घसरलं. मात्र हे मोजमाप रक्तातलं, मेंदूतलं नव्हे. शिवाय ते जवान निवडून, घडवून घेतलेले. उपजत किती आणि कमावलेलं किती, हे त्यावरून कसं ठरवणार?

‘फार थोड्यांना’ तर सरळ चूक. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगातले सुमारे ७० टक्के लोक कधी ना कधी आघातकारक प्रसंगातून जातात, त्यांतल्या ५.६ टक्के लोकांना पीटीएसडी होतो. आणि २००० साली ७७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा आघातानंतर माणसांचा आधार न मिळणं हा धोक्याच्या सर्वांत ठळक घटकांपैकी एक ठरला.