‘टॅक्स लावून कोणी सुधारत नाही’ म्हणे

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की सरकारने लोकांच्या ताटात नाक खुपसू नये, टॅक्स आणि चित्रं लावून कोणी सुधारत नाही, ज्याच्यात इच्छाशक्ती असते तोच सुधारतो. खाली अंगठ्यांची रांग. ठीके, एकेक बघू.

म्हणे सिगरेट-तंबाखूच्या पाकिटावरचे कॅन्सरचे फोटो बघून कोणी तंबाखू सोडत नाही. नुसत्या फोटोने नसेलही सोडत. पण सरकारी सर्व्हेत देशात तंबाखू घेणारे 2009-10 ला 34.6 टक्के होते, 2016-17 ला 28.6. सार्वजनिक जागी सिगरेटबंदी, टॅक्स, फोटो, सगळंच चालू होतं त्या काळात, कोणाचा वाटा किती यावर खुशाल भांडा, पण एवढ्या लोकांची इच्छाशक्ती आपोआप एकदम जागी झाली का?

टॅक्स म्हणजे नुसती तिजोरी भरणं, हा दुसरा. ब्रिटनने 2016 ला जाहीर केलं की कोल्ड्रिंकमध्ये 100 मिलीला 5 ग्रॅम किंवा जास्त साखर असेल तर कंपनीवर लेव्ही, म्हणजे जादा कर, 8 ग्रॅमपासून अजून जास्त, आणि लावली 2018 ला. मधल्या काळात बऱ्याच कंपन्यांनी गुपचूप साखर त्या रेषेखाली आणली कारण तेच स्वस्त पडत होतं, म्हणजे पिणाऱ्याने काहीही ठरवलं नाही, ब्रँड तोच, आणि पोटात साखर कमी. आपल्याकडे कोल्ड्रिंकवर 40 टक्के जीएसटी आहे, पण साखर कमी असो, जास्त असो, शुगर-फ्री असो, रेट सारखाच! मग कंपनी कशाला डोकं लावेल? तक्रार करायचीच तर याची करा ना.

गुटखाबंदी फसली, हा त्यांचा मुद्दा मात्र मान्य. 2012 पासून राज्यात बंदी आणि टपरीवर पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, गिऱ्हाईक घेतं मिक्स करून. पण ही अंमलबजावणीची बोंब आहे, इच्छाशक्तीचा विजय कुठून आला यात?

आणि 2022 पासून तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक चरबी, 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. असल्या वनस्पतीतली खारी चहात बुडवणाऱ्या कितीजणांना हे माहितीये?

राहता राहिला डेन्मार्क, तिथे फॅट टॅक्स, म्हणजे बटरसारख्या चरबीवरचा कर, फसला म्हणून. 2011 ला आणला आणि 2013 उजाडताच काढला, खरंय. लोक बॉर्डर ओलांडून जर्मनीतून बटर आणायचे. आता जीएसटी देशभर एकच आहे, तर कोपरखैरण्याचा माणूस कोल्ड्रिंकच्या बाटलीसाठी नक्की कुठली बॉर्डर ओलांडणारे, तेवढं फॉरवर्डवाल्यांनी सांगावं.