कर नाही, तरीही डर आहे

नोकरीच्या ठिकाणी सरसकट सर्वांची अमली पदार्थ चाचणी सक्तीची करावी, असे सांगणारा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यातील दावे थोडक्यात असे: चाचणी खोटे बोलत नाही; ज्याच्या नमुन्यात अंश सापडला तो कामावर नशेत होता; रुजू होताना सही केली म्हणजे संमती दिलीच; आणि सुरक्षेसाठी एवढे सोसावे, कारण कर नाही त्याला डर कशाला?

सर्वांत मोठी गफलत दुसऱ्या दाव्यात असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. लघवीच्या नेहमीच्या चाचणीत गांजाचा अंमल मोजला जात नाही. तिच्यात सापडतो तो शरीराने गांजा पचवल्यावर मागे उरलेला, स्वतः धुंदी न आणणारा घटक, आणि नेहमी सेवन करणाऱ्याच्या शरीरात तो काही आठवडेही टिकू शकतो. म्हणजे ही चाचणी माणूस मागे कधीतरी काय करत होता ते सांगते, या क्षणी यंत्रापुढे तो कसा उभा आहे ते नव्हे. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2024 पासून, काही क्षेत्रे वगळून, अशा निव्वळ अवशेषाच्या आधारे कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यास मनाई केली, ती याच कारणाने.

आता ‘खोटे न बोलणाऱ्या’ चाचणीकडे वळू. प्राथमिक चाचणी सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनीही फसते. त्यासाठी अधिक नेमकी फेरचाचणी असते. खसखशीची गोष्ट मात्र निराळी आहे. खसखस खाल्लेल्याच्या लघवीत खरोखरच मॉर्फिन असू शकते, त्यामुळे फेरचाचणीही प्रामाणिकपणे तेच सांगते. अमेरिकेच्या संघीय नियमांत 1998 साली प्राथमिक चाचणीत ज्या प्रमाणापासून नमुना दोषी धरतात ती मर्यादा मिलिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेण्यात आली, त्यामागे मुख्यतः हीच अडचण होती. खसखस खाणाऱ्याला कर नव्हती, पण डर होती.

डर आणखीही एका गोष्टीची असते. त्याच नियमांनुसार नमुना घेण्याआधी शौचालयातील पाण्यात निळा रंग टाकतात, नळ बंद करतात आणि नमुना हाती आल्यापासून 4 मिनिटांच्या आत त्याचे तापमान तपासतात. नमुन्यात फेरफाराचा संशय आला, तर दुसरा नमुना कोणाच्या तरी डोळ्यांदेखत द्यावा लागतो. निकाल समजावून सांगताना अपस्माराच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्याही उघड कराव्या लागू शकतात, आणि निकाल डॉक्टरमार्फत न जाता थेट व्यवस्थापकाच्या हाती पडत असेल, तर ती माहिती परत झाकता येत नाही.

सहीबद्दल फार लिहायची गरज नाही. नकार दिल्यास नोकरीच जाणार असेल, तर त्या होकाराला संमती म्हणणे ही शब्दांची कसरत आहे.

उरतो सुरक्षेचा मुद्दा, आणि तो मला निश्चितच मान्य आहे. 4 जानेवारी 1987 रोजी मेरिलँडमधील चेस येथील रेल्वे अपघातात 16 जण मृत्युमुखी पडले आणि संबंधित इंजिनांवरील कर्मचाऱ्यांच्या शरीरात गांजाचे अंश आढळले. वाहतूक क्षेत्रातील जोखमीच्या कामांसाठी चाचणी बंधनकारक करणारा 1991 चा अमेरिकी कायदा त्यानंतरचाच. परंतु रेल्वेचालकासाठीचा युक्तिवाद हिशेबनिसाला लागू होत नाही, आणि धोक्याच्या कामातही तो आपोआप लागू होतोच असे नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली एका कागद गिरणीतील अचानक होणारी मद्यचाचणी रद्द ठरवली; काम धोक्याचे आहे हे मान्य करूनही 15 वर्षांतील दारूच्या 8 घटना एवढ्या घुसखोरीला पुरेशा नाहीत, असे बहुमताने म्हटले. अपघातानंतर किंवा ठोस संशय असताना चाचणी घेणे वेगळे, आणि सर्वांनाच संशयित धरणे वेगळे.

शिवाय अपघाताला कारण होणारा थकवा या चाचणीत दिसतच नाही. सलग 17 तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी ढासळते, असे प्रयोगांत आढळले आहे. दोन पाळ्या लागोपाठ करून यंत्रावर डुलक्या घेणाऱ्या कामगाराचा नमुना प्रयोगशाळेतून निर्दोष येईल, आणि त्या पाळ्या लावणाऱ्याकडे तर कोणी नमुना मागतच नाही.