"इन्स्टा आहे ना, मग वेबसाइट कशाला?"

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. त्यातले चार माझे जुने ग्राहक. तीन जणांनी खाली नुसतं "काय म्हणता?" एवढंच लिहिलं होतं. मेसेज असा:

"छोट्या व्यावसायिकांनो, वेबसाइटवर पैसे घालवू नका. ग्राहक आता गूगलवर नाही, इन्स्टावर आहे. इन्स्टा, व्हॉट्सॲप फुकट आहे, वेबसाइटला पन्नास हजार लागतात. फॉलोअर वाढवा, धंदा आपोआप वाढेल. एआयच्या जमान्यात वेबसाइट उघडतंय कोण? वेबसाइटवाल्यांचं पोट भरणं बंद करा."

खाली जोडलेले हात, रॉकेट आणि एक लिंक.

मी वेबसाइट बनवतो, म्हणजे हे पोट माझंच. तेव्हा मी जे लिहितो त्यातून हवं तेवढं वजा करून वाचा. सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण अख्ख्या मेसेजात सगळ्यात खरं तेच आहे.

"वेबसाइटवाल्यांचं पोट भरणं बंद करा."

हा राग उगाच आलेला नाही. सांगलीकडचे एक दादा ग्रिल-गेटचं फॅब्रिकेशन करतात. त्यांना कुणीतरी पस्तीस हजारांत वेबसाइट करून दिली. दादांनी कौतुकाने टेम्पोच्या मागच्या फळीवर तिचा पत्ता रंगवून घेतला. तीन वर्षांनी वेबसाइटवाल्याचा फोन लागेना. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं, त्यामुळे मुदत संपत आल्याच्या सूचना सगळ्या त्यालाच जात होत्या. डॉट कॉमचं नाव मुदत संपली की लगेच जात नाही. आधी महिनाभराच्या आसपास नेहमीच्या पैशांत सोडवता येतं, मग तीस दिवस चांगलाच दंड भरून, मग पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि त्यानंतर ते पहिला मागेल त्याचं. दादांना यातलं काहीच कळलं नाही. एका गिऱ्हाइकानेच सांगितलं, "दादा, तुमच्या गाडीवरचा पत्ता टाकला तर पत्त्यांचा जुगार निघतोय." फळी पुन्हा रंगवायला बाराशे रुपये गेले. नाव गेलं ते गेलंच.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, की डोमेन कुणाच्या नावावर आहे? दहांतल्या सहा जणांना ठाऊक नसतं. डोमेन म्हणजे सातबारा. तो तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशांनी घेतलेला हवा. होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेली जागा, हा गाळा, तो उद्या बदलता येतो. वेबसाइटवाला म्हणजे गवंडी. गवंड्याच्या नावावर सातबारा चढवून आपण निवांत झोपतो का?

आणखीही आहे. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह येण्यासाठी जे सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दरवर्षी तीन-तीन हजार लावणारे आहेत. ते प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५च्या अखेरपासून फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते एका बटणात बसवून देतात. "शंभर कीवर्ड टाकून देतो" म्हणत, म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द पानात घालून देतो म्हणत, पॅकेज विकणारे आहेत. पानाच्या पोटात लपवलेली ती कीवर्डची यादी क्रमवारीसाठी आपण बघत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. "सात दिवसांत पहिल्या पानावर" ही हमी देणारेही आहेत. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच लिहून ठेवतं. तेव्हा हे पोट भरणं बंद कराच. पण गवंडी चोर निघाला म्हणून घरच बांधायचं नाही, हे कुठलं गणित?

"ग्राहक गूगलवर नाही, इन्स्टावर आहे."

हे तुम्ही काय विकता त्यावर ठरतं. केक, पैठणी, मेंदी, दागिने असं बघून मोह पडणारं काही असेल, तर इन्स्टा आधी आणि बाकी सगळं मागाहून. तिथे मी वाद घालत नाही. नाशिकच्या एका ताई घरून केक करतात. मी त्यांना वेबसाइट करून दिली नाही, कारण त्यांना तिची गरज नव्हती. आठवड्याला बारा केकांच्या वर त्यांच्या हाताला झेपतच नाही. हवेत कशाला जास्त फोन?

पण गच्ची गळायला लागली की माणूस रील बघत बसत नाही. तो 'वॉटरप्रूफिंग' आणि गावाचं नाव गूगलवर टाकतो आणि वरून तीन जणांना फोन लावतो. बोअरची मोटार जळली, बाबांना व्हीलचेअर भाड्याने हवी, पिठाच्या गिरणीच्या दगडाला टाकी लावायचीय, ही सगळी नड आहे. नडलेला माणूस शोधतो, स्क्रोल करत नाही.

इथेही लगेच वेबसाइट लागते असं नाही. आधी गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करा. ती फुकट आहे. हल्ली पडताळणीसाठी बरेचदा व्हिडिओ मागतात. रस्ता, दुकानाची पाटी, आतलं सामान आणि शटरचं कुलूप स्वतः उघडताना असं एका दमात चित्रण करायचं. नाव पाटीवर आहे तसंच लिहा, त्याला 'बेस्ट', 'नंबर वन', 'चीप रेट' अशी शेपटं लावू नका. प्रकार नेमका निवडा, वेळा खऱ्या टाका, दिवाळीच्या सुट्ट्या आठवणीने भरा. जवळच्या शोधात कोण वर दिसणार हे ठरवताना गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी मेळ, अंतर आणि तुमचा नावलौकिक. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीचं थोडंफार आहे. सवलत देऊन चांगले अभिप्राय लिहून घेऊ नका, तो नियमभंग आहे. काम झाल्यावर गिऱ्हाईक चहा घेत असतं तेव्हा नुसतं तोंडाने विचारा.

"इन्स्टा, व्हॉट्सॲप फुकट आहे."

देवगडच्या बाजूला एक काका आहेत. तीनेकशे हापूसची कलमं, सगळा माल थेट पेटीने ठाण्या-पुण्याला. त्यांचं एका ॲपवर पेज होतं, अकरा हजार फॉलोअर. पाडव्याच्या आधल्या आठवड्यात संध्याकाळी मेसेज आला, "तुमच्या पोस्टविरुद्ध कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत खुलासा करा, अन्यथा खातं बंद." सोबत लिंक. काकांनी घाबरून पासवर्ड टाकला. सकाळी आंब्याच्या जागी कसल्याशा डिजिटल नाण्यांची जाहिरात, आणि काकांच्या नावाने गिऱ्हाइकांना मेसेज: गुंतवा, दुप्पट मिळतील. हंगाम मोजून सव्वादोन महिन्यांचा. खातं परत मिळण्याची वाट बघत बसलं तर आंबा थोडाच थांबणार?

काकांना कुणी वाचवलं असेल, तर त्यांच्या वहीने. दरवर्षी पेट्या पाठवताना काकू एका निळ्या दोनशेपानी वहीत नाव, पत्ता, फोन, किती डझन, आणि "कच्चा हवा / तयार हवा" असं लिहून ठेवायच्या. वहीत तीनशे चाळीस नावं निघाली. दोघांनी चार दिवस फोन केले. पहिला आठवडा गेला, हंगाम वाचला. अकरा हजारांपैकी खरं गिऱ्हाईक किती, हेही त्यात कळलं.

पुढच्या वर्षी त्यांना एकच पान करून दिलं. आजचा भाव, डझनाप्रमाणे पेटीचं वजन, कुठल्या तारखेला माल निघणार, आढीतून किती दिवसांत तयार होईल, आणि भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे माल त्याच भागातला असल्याच्या, प्रमाणपत्राचा फोटो. शेवटचं मुद्दाम. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, तरी 'देवगड' छापलेल्या खोक्यात कर्नाटकातला आंबा सर्रास विकला जातो. त्यामुळे अनोळखी माणूस यूपीआयने पैसे पाठवण्याआधी बागेचं नाव एकदा गूगलवर टाकून बघतोच. तिथे काहीच निघालं नाही तर त्याचा हात आखडतो. काकांचं पान त्या एका मिनिटासाठी आहे.

दुसऱ्याच्या जागेवर थाटलेलं दुकान कधी उठेल ते आपल्या हातात नसतं. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली, आणि गावागावांतल्या पोरांचे लाखांतले फॉलोअर एका रात्रीत शून्यावर आले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदमच सहाएक तास बंद पडलं. तिन्हींचा मालक एक, त्यामुळे "एक बंद पडलं तर दुसरं आहे" हेही चाललं नाही. गूगलही त्यातलंच. दुकानाच्या नोंदीसोबत ते एक फुकट छोटी वेबसाइट देत असे. मार्च २०२४ मध्ये तीही बंद केली. तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापून बसलेले दोघे माझ्याकडे आले होते.

आणि फुकट कुठवर? पोस्ट कुणाला दिसणार हे ॲप ठरवतं. जास्त जणांना दिसावी वाटली की पैसे भरायचं 'बूस्ट'चं निळं बटण आहेच. एका मिसळवाल्याने पाच हजारांचं बूस्ट केलं, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गाव निवडायचं राहून गेलं. पोस्टला लाइक आले थेट पाटण्याहून. आता पाटण्याचा माणूस काय मिसळ खायला नाशिकला येणार?

"वेबसाइटला पन्नास हजार लागतात."

लागतात. ऑनलाइन विक्री, पैसे भरणं, मालाचा साठा, कुरिअर असं सगळं एकत्र हवं असेल तर त्याहूनही जास्त. पण छोट्या धंद्यातल्या बहुतेकांना चार-पाच पानंच पुरतात. डॉट इन नावाला वर्षाला साधारण सातशे ते हजार आणि साध्या होस्टिंगला दोन-चार हजार, हा मी भरत असलेला दर. पहिल्या वर्षी नव्व्याण्णव रुपयांत नाव देतात त्याला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर आधी वाचा. बनवण्याची मजुरी वेगळी, ती गवंड्यागणिक बदलते.

पानावर काय हवं? काय करता, कुठे करता, साधारण किती लागतील, आणि फोन नंबर, तोही बोट टेकवलं की लागणारा. नंबर चित्रात घालून ठेवणारे महाभाग अजून भेटतात. "आमच्याविषयी"मध्ये तीन परिच्छेद संस्थापकांचं स्वप्न नको. भाव लिहायला लोक घाबरतात, शेजारचा बघेल म्हणून. शेजाऱ्याला तुमचा भाव केव्हाच ठाऊक आहे, ठाऊक नसतो तो गिऱ्हाइकाला. "कॉल फॉर प्राइस" वाचून तो पुढच्याकडे जातो.

आणि स्वतःच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, भर बाजारात उभं राहून ते पान एकदा उघडून बघा. पाच सेकंदांत नाही उघडलं, तर वरचा तो सरकता फोटोंचा पट्टा काढायला सांगा. वेबसाइटवाला नाराज होईल, होऊ दे.

"फॉलोअर वाढवा, धंदा आपोआप वाढेल."

काकांची वही वर आलीच आहे. एकच तांत्रिक गोष्ट जोडतो, कारण ती माहीत नसल्याने लोकांचे अख्खे सण वाया जातात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीत, २५६ जण बसतात, आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. तुम्ही त्यांचा सेव्ह करून उपयोग नाही. बिल देताना "नंबर सेव्ह करा, नव्या मालाचं कळवतो" एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.

"एआयच्या जमान्यात वेबसाइट उघडतंय कोण?"

लोक आता चॅटबॉटला विचारतात हे खरं. गूगलही शोधाच्या वर स्वतःच तयार उत्तर देतं, आणि त्यामुळे काही जणांच्या वेबसाइटवरची ये-जा घटली. माहितीपर लेख लिहून जाहिरातींवर जगणाऱ्यांना हा फटका खरा आहे. पण गेट बनवणाऱ्या दादांना वाचक नकोच आहेत, फोन हवेत. आणि ते यंत्र उत्तर आणतं कुठून? मुख्यतः लोकांनी उघड्यावर लिहून ठेवलेल्या मजकुरातून. 'मिरज भागात स्टेनलेस स्टीलचं रेलिंग, फुटाला अमुक ते अमुक, पंधरा दिवसांत बसवून देतो' हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते तुमचं नाव सांगणार तरी कशाच्या जोरावर? गाण्याच्या तालावर नाचणाऱ्या रीलमध्ये भाव, पत्ता, वेळ यातलं काही नसतं.

आता त्या लिंकचं. मी ती उघडली. 'वेबसाइटशिवाय धंदा वाढवा' असा दोन दिवसांचा कोर्स, फी १,९९९. उघडलं ते इन्स्टा नव्हतं आणि व्हॉट्सॲपही नव्हतं. स्वतःच्या नावाचं डॉट इन डोमेन, वर कुलपाचं चिन्ह, नाव-फोन भरायचा फॉर्म, खाली पैसे भरायचं बटण. मोबाइलवर दोन सेकंदांत उघडलं.