चुंबक आपोआप फिरत राहत नाही

गुहागरला माझ्या मामाला वाडीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला: 'चाक एकदा हाताने ढकला, मग चुंबकच चुंबकाला फिरवत राहील. भोवतीच्या तांब्याच्या गुंडाळीत फुकट वीज, विहिरीवरचा पंप चालेल. कंपन्या हे दडपून ठेवतात.' पंधरा हजार आगाऊ भरायचे. मामा भरायलाच निघाला होता, म्हणून हे लिहायला बसले.

खरं आहे तेवढं मान्य करते. गुंडाळीत चुंबक आत-बाहेर केला की तारेत प्रवाह येतो, हे फॅरडेने १८३१ साली दाखवलं. पण चुंबक थांबला की प्रवाहही थांबतो, आणि व्हिडिओवाला नेमकं तेवढंच गाळतो.

'फिरत राहील' ही सगळ्यात मोठी थाप. त्या प्रवाहामुळे गुंडाळी स्वतःच चुंबकासारखी वागते आणि फिरणाऱ्या चुंबकाला अडवते. लेन्झचा हा नियम १८३४ पासून माहीत आहे. मामाने तर तो पायांनी अनुभवलाय. जुन्या सायकलचा डायनामो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं. थोडा जोर घासण्यात जायचा हे खरं, पण दिव्यातला उजेडही पायांतूनच यायचा. आणि पंप? एक एच.पी. म्हणजे ७४६ वॉट. धडधाकट माणूस तासभर सायकल मारून जेमतेम शंभरेक वॉट देतो. सात-आठ जणांनी मिळून मारायचा जोर एका धक्क्यात कुठून येणार? चुंबकांची आपसातली ओढही कामाची नाही. जवळ येताना चाकाला जेवढी पुढे खेचते, तेवढीच लांब जाताना मागे खेचते.

'वेढे वाढवा, वीज वाढेल' म्हणे. व्होल्टेज वाढतं, ऊर्जा नाही.

राहिलं दडपण्याचं. चिपळूणजवळ पोफळीच्या वीजघरातही चुंबक आणि गुंडाळ्याच आहेत, काही लपवलेलं नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येतं तेव्हा टर्बाइन फिरतं आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीला मिळतं. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. पाणी बंद केलं की वीज बंद. चुंबक आपोआप फिरत असते, तर एवढा डोंगर कोरला कशाला असता?

मामाचे पैसे वाचले. वाडीतल्या दोघांनी मात्र आधीच ऑनलाइन भरलेत. त्यांनी लाजून गप्प बसू नये. पावती आणि मेसेज जपून ठेवावेत आणि आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवावी.